पाणी बेताचं

"चावीवाले, झाडाला पोहायला शिकवताय का?"

समोरच्या गॅलरीतून मास्तरीणबाईंचा आवाज आला आणि आत शिलाई मशीनवर बसलेल्या काकूंचा पाय थांबला. त्यांनी उठून खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. अंगणात लिंबाच्या रोपापाशी त्यांचे यजमान उभे होते. आळं काठोकाठ भरलेलं होतं आणि ते त्यात बादलीने आणखी पाणी ओतत होते. घाईगडबड नाही, सांडलवंड नाही. काम कसं नीट करावं हे कुणाला दाखवावं, तसे.

"सकाळपासून थेंब मिळाला नाही हो बिचाऱ्याला," ते वर बघून म्हणाले.

मास्तरीणबाई खो खो हसल्या. काकूंना हसू आलं नाही. चहाच्या आधी ते पाणी घालताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. चहानंतर पुन्हा घातलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं, पहिल्यांदा कमी पडलं असेल. आता ही तिसरी खेप. काकूंनी पडदा सोडून दिला, जणू आपण पाहिलंच नाही तर झालंच नाही.

नगरपालिकेने घरमालकांना फुकट झाडं द्यायचं ठरवलं, तेव्हा या गल्लीत सगळ्यात आधी नाव नोंदवलं ते चावीवाल्यांनी. फुकट म्हटलं की काही माणसं 'यात काहीतरी गोम असणार' म्हणत लांब उभी राहतात आणि काही तेच म्हणत रांगेत पुढे उभी राहतात. मास्तरीणबाई पहिल्यांतल्या. त्यांनी झाड घेतलं नाही, पण गल्लीतल्या सगळ्यांच्या झाडांवर देखरेख मात्र चोख सुरू केली, तीही फुकटच. चावीवाल्यांची गोष्ट वेगळी होती. नगरपालिकेने काहीही धाडलं तरी ते त्यांना माहेरून आल्यासारखं वाटायचं. उभा जन्म त्यांनी तिथे काढला होता.

त्यांचं काम गावाला पाणी सोडायचं. खांद्यावर लांब लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी आत घालून फिरवायची. या गल्लीचं पाणी तोडलं की त्या गल्लीला सोडायचं. घड्याळ बघावं लागत नसे. झाकणाशी कान नेला की खालच्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठवर पोहोचलं आणि कुणी मध्येच मोटर लावली आहे. लेकीच्या लग्नात पाहुणे जेवत असताना हा माणूस उठून गेला, चावी बंद करून आला आणि त्याच खुर्चीवर बसून पुढचा घास घेतला. व्याह्यांना वाटलं, हात धुवायला गेले होते. त्यांच्या हातून कुणाची टाकी कधी वाहिली नाही आणि कुणाचा नळ कधी कोरडा राहिला नाही.

उद्यान विभागातला जो माणूस मोटारसायकलवरून रोपं लावत हिंडायचा, त्याचं नाव गल्लीने झाडसाहेब ठेवलं. त्याने खड्डा घेतला, लिंबू लावलं, काठीला बांधलं, चावीवाल्यांच्या नावाची छोटी पाटी अडकवली आणि जाता जाता म्हणाला, "काका, पाणी बेताचं. एक दिवसाआड पुरे. इथली माती चिकट आहे."

तो वळल्यावर चावीवाले काकूंना म्हणाले, "मला पाणी शिकवतोय! याच्या लहानपणी याच्या आंघोळीचं पाणी कुणी सोडलं, विचार त्याला."

काकू तेव्हा मनापासून हसल्या होत्या.

काकूंच्या मनात 'वय झालं' नावाचं एक खातं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तो त्यांनी या खात्यावर टाकला. वारलेल्या धाकट्या भावाचा फोन कसा नाही आला, असं यजमानांनी विचारलं, तेही टाकलं. पाव आणायला गेले आणि हात हलवत परत आले, वर "दुकान हलवलं वाटतं" म्हणाले, तेव्हा मात्र थोडा वेळ लागला, पण तेही तिथेच बसवलं. हे पाणी त्या खात्यात बसेना. इतर सगळं विसरलं असतं तर चाललं असतं. पण या माणसाने पाणी विसरावं!

आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मुलांनी वाटणी आधीच करून ठेवली होती. घराची नव्हे, आईबापांची. मागच्या खेपेला दोघं भावंडं एकत्र जमली, तेव्हा चहा पिता पिता ठरलं: आई मुलाकडे, कारण तिथे नातवंडांकडे बघायला माणूस हवं, बाबा लेकीकडे, कारण तिची गॅलरीलगतची छोटी खोली रिकामी असते. दोघांना मिळून ठेवायला जागा दोघांकडेही नव्हती. हे घर विकायचं. "आत्ता नाही गं आई," लेक हसत म्हणाली होती, "तुमच्यापैकी कुणाचं काही बिघडलं, की मग."

तेव्हापासून काकू स्वतःच्या गुडघ्यांना जपत होत्या. बिघाड दुसऱ्याच दारातून येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांनी युक्त्या सुरू केल्या. "अहो, मी घातलंय हं पाणी. तुम्ही नका घालू."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पेपर संपला की बादली घेऊन उठले.

काकूंनी बादली पलंगाखाली ढकलली. ते दुधाचं पातेलं घेऊन अंगणात गेले.

"अहो, दुधाचं पातेलं!"

"मग काय करू? बादली चोरीला गेली. गल्लीत चोऱ्या वाढल्यात. मास्तरीणबाईंना सांग लक्ष ठेवायला."

"त्यांना वेगळं सांगायला हवंय होय," काकू म्हणाल्या, कारण एरवी त्या असंच काहीतरी म्हणाल्या असत्या.

मग त्यांनी अंगणातल्या नळाचा जमिनीतला कॉकच बंद केला, वर फरशी सरकवली आणि तिच्यावर जड दगडी पाटा ठेवला. नळाला पाणी नाही म्हटल्यावर चावीवाले क्षणभरही गोंधळले नाहीत. सरळ त्या जागी गेले, पाटा उचलला, फरशी हलवली, कॉक सोडला.

"कुणी बंद केला हा? विचारल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

आवाज असा करडा, असा नोकरीतला होता, की काकूंना वाटलं, सगळं ठीक आहे, आपलंच काहीतरी चुकतंय. ते सुख नळाला पाणी येईपर्यंत टिकलं. पाणी आलं आणि यजमानांनी पातेलं उचललं.

लिंबाची पानं पिवळी पडू लागली. "बघ," ते काळजीने म्हणाले, "पाणी कमी पडतंय." आणि वाढवलं.

काकूंनी मशीन अंगणातल्या ओट्यावर आणून ठेवलं, नळ आणि झाड यांच्या मधोमध. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायच्या, उजेडाला बसलेय. एकदा उशीच्या अभ्र्याची अख्खी बाजू शिवून झाली आणि कापड उलटून बघतात तर सुईत दोराच नाही. कितीतरी वेळ त्या तो कोरा अभ्रा धरून बसल्या. मग 'हे कुणी पाहिलं तर विसरभोळी मीच ठरेन' असा भलताच विचार आला आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

लेक आली ती न कळवता आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि स्वयंपाकघरातले डबे उघडून बघू लागली.

"काय शोधतेस?"

"काही नाही. बाबा फोनवर एकच गोष्ट दोन दोनदा विचारतात, आई."

"तू एकदा तरी धड उत्तर देतेस का? कानाला फोन आणि डोळे कॉम्प्युटरवर."

लेकीने डबा बंद केला. पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर होता, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. झाडसाहेब तपासणीला आला होता. लावलेली झाडं जगली की नाहीत, ते बघत तो गल्लीत फिरत होता. मास्तरीणबाई त्याच्यामागोमाग रस्ता ओलांडून आल्याच. तपासणी त्यांच्याशिवाय व्हावी हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

रोपावर आता मोजकीच पानं उरली होती. झाडसाहेबाने बुंध्याला हात लावला, तर ते आळ्यातल्या चिखलात डुलायला लागलं. त्याने काडीने माती उकरली. कुजका वास आला आणि लेकीने नाकाला रुमाल लावला.

"तहानेनं नाही गेलं हे," तो म्हणाला. "बुडवलंय. मुळं सडलीत. दिवसातनं किती वेळा पाणी घालता? कोण घालतं?"

चावीवाले झाडाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं. असं बावरलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्यांना काय माहीत आहे आणि आपल्याला काय माहीत नाही, ते चाचपडत असल्यासारखे डोळे. लेकही त्यांच्याकडेच बघत होती.

"मी घालते," काकू म्हणाल्या.

"तू?" लेकीने विचारलं.

"मीच. घातलेलं लक्षात राहत नाही. पुन्हा घालते. काय करू?"

लेकीचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. ती मास्तरीणबाईंकडे वळली. "मावशी, तुम्ही तर समोरच असता. कोण घालतं पाणी?"

गल्लीत कुणाकडे कोण आलं, किती बसलं, काय घेऊन गेलं, हे ज्या बाईला तोंडपाठ, तिला हा प्रश्न. मास्तरीणबाईंनी चावीवाल्यांकडे पाहिलं, मग काकूंकडे. चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, तो सापडेना, तसाच चष्मा परत घातला.

"ही," त्या म्हणाल्या. "रोज बघते ना मी. ओरडून ओरडून घसा बसला माझा. ऐकते का?"

चावीवाल्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदे सैल पडले. ते लेकीजवळ सरकले आणि आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हल्ली तिचं असं होतंय. मी बोलत नाही. तिला वाईट वाटेल."

काकूंनी मान खाली घातली. ती लाजेने घातली असं लेकीला वाटलं, आणि वाटावं म्हणूनच त्यांनी ती वर केली नाही.

"कधीपासून, बाबा?"

"झाले बरेच दिवस. मी असतो ना बरोबर. सांभाळून घेतो."

झाडसाहेबाने रोप उपटलं. जोर लावावाच लागला नाही. पाटी काढून त्याने खिशात टाकली आणि म्हणाला, "खड्डा उघडाच ठेवा, वाळू दे. पुढच्या वेळी दुसरं देऊ. फुकटच आहे." तो गेल्यावर लेक फोन करायला आत गेली. मास्तरीणबाई फाटकाशी रेंगाळल्या.

"मी खोटं बोलत नाही," त्या काकूंना हळूच म्हणाल्या. "वर्गातही कुणाला बोलू दिलं नाही कधी."

"माहीत आहे."

"मग दुसरं झाड घेऊ नका. आणि ती बादली माझ्याकडे आणून ठेवा."

लेकीने दुसऱ्या दिवशी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली. आईसाठी. दवाखाना बाजाराच्या पलीकडे, चालत जाण्याएवढाच. "घाबरू नको गं," ती चपला घालताना म्हणाली, "साधे प्रश्न असतात. आज वार कोणता, महिना कोणता. शंभरातून सात वजा करत जायचं."

रस्त्याला लागल्यावर काकूंनी मनातल्या मनात करून पाहिलं. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. आकडे भराभर येत गेले, एकही अडला नाही, तसा त्यांना घाम फुटू लागला. चुकायचं कुठे? वार चुकवावा की वजाबाकी? फार चुकलं, तर आपल्याला आजच मुलाकडे धाडतील आणि हे एकटे लेकीकडे. काहीच चुकलं नाही, तर सगळ्यांच्या नजरा शेजारच्या खुर्चीकडे वळतील. यांना डॉक्टरांना दाखवायला हवं, हेही त्यांना कळत होतं. पण दाखवल्यावर काय काय होईल, तेही कळत होतं. उभ्या आयुष्यात शिवणासाठी घेतलेल्या कुणाच्या मापात कधी सूतभर चूक न केलेली बाई चुकांचं माप घेत चालली होती.

"हात दे इकडे," चावीवाले म्हणाले. "गर्दी आहे. चुकशील."

त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला. असे हातात हात घालून ते दोघं या रस्त्याने कधी चालले नव्हते. लेक फोनवर भावाशी बोलत चार पावलं मागे येत होती; "नाही रे, बाबा ठीक आहेत, आईचंच" एवढं काकूंना ऐकू आलं.

बाजाराच्या टोकाला रस्ता फुटत होता. दवाखाना उजवीकडे. चावीवाले थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. काकूंच्या हातातला त्यांचा तळवा ओला झाला होता. मागून लेकीच्या चपलांचा आवाज जवळ येत होता.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चप्पल नीट करायला वाकल्यासारखं केलं आणि वर येताना उजव्या अंगाला किंचित झुकल्या. हात तसाच धरलेला होता.

ते उजवीकडे वळले.

"असं माझ्याबरोबर चालत राहायचं," ते लेकीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "म्हणजे माणूस चुकत नाही."

"हो," काकू म्हणाल्या आणि पुढचं वळण कुठे आहे ते बघू लागल्या.