प्रतिकारशक्तीचं दुकान

भवानी पेठेत गुरुशांतचं दुकान खाली आणि संसार वर. मधे लाकडी जिना. त्या जिन्यावरून चूर्णाचा वास दिवसभर वर चढायचा. करोनाच्या साथीत त्यानं गुळवेल, अश्वगंधा, सुंठ असं आठ जिनसांचं चूर्ण काढलं आणि त्याचं नशीब फळफळलं. "अंगात ताकद असली की रोग उंबऱ्यातनंच माघारी जातो," हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता, की त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

म्हणून त्याच्याच बायकोच्या, बसव्वाच्या, मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा त्यानं पहिलं काम केलं ते ही गोष्ट पेठेत कुणाला कळू न देण्याचं. "ती अक्कलकोटला माहेरी गेलीय," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. बिचारी बसव्वा केमो घेऊन रिक्षानं येई आणि तोंडावर पदर ओढून मागच्या दारानं वर चढे. वर गेली की हा सकाळ-संध्याकाळ चमचाभर चूर्ण कोमट पाण्यातनं तिच्यापुढं धरी. डॉक्टरांना त्यात काय सांगायचं? घरचंच तर होतं.

दुसऱ्या केमोनंतर आठव्या दिवशी तिला ताप भरला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. पाच दिवस ताप हटेना, तेव्हा सीटी स्कॅन झाला, तपासण्या झाल्या, आणि फुप्फुसात बुरशी निघाली.

"बुरशी? भाकरीवर येती ती?" गुरुशांतनं विचारलं.

"तिच्याच जातकुळीतली," डॉक्टर अंकिता म्हणाल्या. वयानं त्या त्याच्या लेकीएवढ्या. "तिचे कण हवेत असतातच. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना मारून टाकतात. यांच्याकडं पेशीच उरल्या नाहीत. घरी धूळ, साठवणीचा माल असं काही आहे का?"

"खाली दुकान हाय. चूर्णाचं," गुरुशांत म्हणाला.

"कसलं चूर्ण?"

आजवर हे सांगताना त्याची छाती फुगायची. आज जीभ जड झाली. "प्रतिकारशक्तीचं."

डॉक्टर हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "यांना देत होतात?"

"सकाळ-संध्याकाळ. चमचाभर."

"वाळलेल्या मुळ्यांच्या पुडीत बुरशी असू शकते. त्यानंच झालं असं मी म्हणत नाही, ते कळायला मार्ग नाही. पण आता चिमूटभरसुद्धा द्यायचं नाही. बुरशीवरचं औषध सलाइनमधनं सुरू केलंय. ते तिला रोखून धरेल, पण निपटून काढायला पेशी लागतातच. म्हणून रोज एक इंजेक्शन देणार आहोत, ग्रोथ फॅक्टरचं. हाडांच्या मगजाला ते पांढऱ्या पेशी झपाट्यानं करायला लावतं."

"म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायचंच की," गुरुशांत हळूच म्हणाला.

"हो. फक्त आम्ही ती रोज मोजतो. आणि गुण येईलच अशी हमी देत नाही."

हमी गुरुशांत द्यायचा. प्रत्येक डब्यावर, लाल अक्षरांत.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर बसव्वा कण्हू लागली. "अहो, कंबर फुटतीय की. आत कुणीतरी जातं दळतंय बघा." नर्स म्हणाली, "दुखतंय म्हणजे मगज कामाला लागला असंल, आजी." तो तिच्या कमरेवरून हात फिरवत बसला. पांढऱ्या पेशींचा शंभरावर अडकलेला आकडा चारशे झाला, मग एकोणीसशे. ताप उतरला. बुरशीच्या गोळ्या पुढं कित्येक महिने घ्यायच्या होत्या, पण बसव्वा चालत हॉस्पिटलाबाहेर आली.

गुरुशांतनं तिच्यासाठी दुसरीकडं खोली घेतली, चूर्णाचे डबे पोत्यात भरले आणि गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगून टाकलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. पेठेनं मात्र त्यातलं निम्मंच ऐकलं. बसव्वा कॅन्सरातनं उठली आणि नवरा चूर्णवाला! दुसऱ्याच दिवशी दुकानापुढं रांग लागली. करोनातही कधी एवढी लागली नव्हती. "माल न्हाय," असं तो सांगायचा, तर लोक एकमेकांना म्हणायचे, "बघा, कसा उडाला!"

एका दुपारी होटगीची दगडाबाई आली. नवऱ्याला, जोतीरामला, तिनं रिक्षातच बसवून ठेवलं होतं.

"आमच्या मालकास्नी कॅन्सर हाय, अण्णा. केमो चालू हाय. ते चूर्ण द्या."

"बाई, त्यानं काय हुत न्हाय. उलट बाधंल. बायकोला मी दिलं, ती मरता मरता वाचली. डॉक्टरच्या इंजेक्शनानं वाचली."

दगडाबाईनं आवाज खाली आणला. "गरिबाला नगा फसवू, अण्णा. बायकूला दिलेलं येगळं असंल. त्यातलं द्या."

गुरुशांत वैतागून रिक्षापाशी गेला. आत जोतीराम घोंगडी पांघरून कुडकुडत होता. त्यानं त्याच्या कपाळाला हात लावला. चटकाच बसला.

"केमोला किती दिस झालं?"

"आठ का नऊ."

बसव्वालाही आठव्याच दिवशी ताप भरला होता. समजावत बसायला वेळ नव्हता, आणि समजावून कुणाला पटत नव्हतं हे त्यानं आठवडाभर पाहिलं होतं.

"बरोबर वळखलंत, बाई," तो म्हणाला. "ते येगळंच हाय. पण हितं न्हाय ठेवत. हॉस्पिटलात ठेवलंय."

"म्हटलंच मी!"

त्यानं शटर ओढलं आणि रिक्षावाल्याशेजारी जाऊन बसला. दगडाबाईचा चेहरा उजळला होता. थोडं पुढं गेल्यावर तिनं मागून विचारलं,

"अण्णा, लई कडू असतंय व्हय?"

"कडू न्हाय," गुरुशांत म्हणाला. "हाडं दुखत्यात."