शिंगांचं तेल चाकाला

मी एक जुना टायर आहे. आता अर्धाच उरलो आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते शेवटी सांगेन. मित्रांनो, माझ्याविषयी सांगलीत पुष्कळ बोललं गेलं आणि एकदा छापूनही आलं. त्यातलं खरं फार थोडं. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म १९४३ सालचा. लढाई चालू होती. मलायाचं रबर बंद झालं होतं, त्यामुळे एकेक टायर जपून वापरावा लागे. कारखान्यात मला साच्यात घालून तापवलं, अंगावर खोल नक्षी उठवली आणि लष्कराच्या लॉरीला चढवलं. आसामच्या रस्त्यांवर मी तीन पावसाळे काढले. तिथेच एका लोखंडी पट्टीने माझ्या अंगात बोटभर चीर पाडली. मेकॅनिकने आतल्या बाजूने जुन्या टायरचा तुकडा बसवला. त्याला गेटर म्हणतात. ट्यूबमधली हवा त्याला जागेवर दाबून धरते. बाहेरून पाहणाऱ्याला एक बारीक रेघ तेवढी दिसते.

लढाई संपली. लॉरी लिलावात निघाली आणि सांगलीच्या नाथाजी मालकांनी ती घेतली. मालकांकडे अशा दोन लॉऱ्या झाल्या. एकीवर सयाजी, दुसरीवर आकाराम. दोघेही पलूसकडून सांगलीच्या बाजारात गुळाच्या ढेपा आणत. आकारामच्या लॉरीचं उजवं पुढचं चाक म्हणजे मी. तो पलटणीत ड्रायव्हर होता. रोज सकाळी हँडल मारण्याआधी तो माझ्यावरून तळहात फिरवी, चिरेशी थांबे, मग मागच्या चाकाकडे जाई. त्याने माझं तोंडाने कधी कौतुक केलं नाही. मला त्या तळहाताचं मोल कळत होतं.

१९४७ च्या फेब्रुवारीत मालकांनी सांगली-सातारा रस्त्यासाठी प्रवाशांची मोटार घेतली. तिला ड्रायव्हर एकच लागणार होता. आकारामला ती मोटार मनापासून हवी होती. त्याची आई बयाबाई त्याला म्हणायची, "ढेपंला काय कळतंय रं, तू गाडी कशी चालवतूस ती? एकदा माणसं बसव, मग बघ." मालकांनी जाहीर केलं, कुपवाडच्या माळावर दोन्ही लॉऱ्या पाच फेऱ्या पळतील. जिंकेल त्याला मानाचा फेटा, आणि मोटारही तोच चालवील.

झालं. हळदबाजाराच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात पंडितांना ऊत आला. त्यांचा म्होरक्या भाऊसो. हा अडत दुकानात हळदीची पोती शिवायचा. मोटारीचं चाक त्याने कधी धरलं नव्हतं. बैलांच्या शर्यती मात्र भरपूर पाहिल्या होत्या, आणि तेवढ्या शिदोरीवर तो टायरांवर बोलत असे. एक दिवस सगळा घोळका मला बघायला आला. भाऊसोने बैलाचे दात मोजावेत तशी माझी नक्षी मोजली.

"चार दाती हाय गड्या, ऐन भरात हाय! सयाजीचा म्हातारा झालाय. तिसऱ्या फेरीला बसतोय त्यो."

मग त्याला माझी चीर दिसली. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. बैलाच्या अंगावर केसांचा शुभ भोवरा सापडावा तसा भाऊसोचा चेहरा उजळला.

"ह्यो भोवरा बघा! असा भोवरा लय शुभ. आकारामच जितणार, लिहून घ्या."

लिहून घेणारा तिथेच होता. एका साप्ताहिकाचा बातमीदार. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहूनही त्याने मला बोट लावलं नाही. भाऊसो बोलला, त्याने उतरवलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी लॉऱ्या माळावर उभ्या होत्या. आकाराम यायच्या आत भाऊसोची मंडळी हार, गुलाल आणि वाडगाभर करडईचं तेल घेऊन आली. शर्यतीच्या बैलाची शिंगं तेलाने चोळतात, तसं त्यांनी मला चोळलं. 'भोवऱ्या'वर तर धार धरली. तेलाने रबराचं काय होतं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. ज्याला सगळं माहीत असतं तो कुणाला विचारत नाही.

आकाराम आला आणि ओरडला, "ह्ये कुणी केलं? पुसा पयलं!"

"आरं, नजर लागंल. तेल लावल्यालं शिंग पुसतंय व्हय कुणी?" भाऊसो म्हणाला.

आकारामने गोणपाटाने मला बाहेरून पुसलं. आत झिरपलेलं तेल काढायचं तर चाक खोलायला हवं होतं. त्याने मालकांकडे पाहिलं. मालकांनी निशाण उचललं होतं. आकाराम गाडीत बसला. ही त्याची चूक. तो माझा आवडता माणूस, म्हणून मी ती झाकणार नाही.

चार फेऱ्या आम्ही पुढे होतो. भाऊसो शेवटच्या वळणावर, गर्दी अडवायला बांधलेल्या दोराला अगदी चिकटून बसला होता. "सांगितलं हुतं का न्हाई!" असं तो दर फेरीला ओरडे. त्याच्या पलीकडे बयाबाई उभी होती. पाचव्या फेरीत माझ्या पोटात गेटर सरकला. तेलावर तो धरवेना. तो दुमडला आणि ट्यूब त्यात चिमटली. चाकाच्या दर गिरकीला माझा एक ठोका पडू लागला. त्या गलक्यात तो कुणालाच ऐकू येण्यासारखा नव्हता. आकारामच्या हातांना स्टिअरिंगमधून तो कळला. वळण समोर होतं. तिथे मी फुटलो असतो तर लॉरी थेट दोरावरच्या माणसांत गेली असती.

त्याने लॉरी थांबवली. सयाजी शेजारून निघून गेला आणि जिंकला.

"पळपुट्या!" भाऊसो ओरडला. "बैल बसला रं बसला!" माझ्यासाठी आणलेला गुलाल त्याने सयाजीवर उधळला. बयाबाई मान खाली घालून उभी राहिली.

नाथाजी मालक तरातरा आले. "जितत हुतास की रं. का थांबलास?"

"मालक, चाकात ठोका पडत हुता. म्होरं माणसं हुती."

"चाक खोल."

तिथल्या तिथे मला खोललं. मालकांनी ट्यूब हातात घेतली. दुमडीच्या जागी ती कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ उरली होती. त्यांनी गेटरवरचं तेल बोटाने पुसून वास घेतला. मग वळणावरच्या गर्दीकडे पाहिलं.

"सयाजी, फेटा तुझा. शर्यत तू जितलीस," ते म्हणाले. "मोटार आकाराम चालवंल."

"आवं मालक, ठरलं हुतं येगळं!" सयाजी म्हणाला.

"ठरवताना माझं चुकलं. गूळ सांडला तर गोळा करता येतो. माणसं न्हाई."

बयाबाई पुढे झाली. पदराच्या टोकाने तिने आकारामच्या हातावरचं तेल पुसलं.

दुपारी साप्ताहिक आलं. त्यात आकाराम दोन लॉऱ्यांच्या अंतराने जिंकला होता आणि 'उत्तम तेल दिलेल्या टायरांनी जमीन घट्ट धरली' होती. अंक सकाळीच छापायला गेला होता, म्हणून भाऊसोकडून तेलाचा बेत ऐकून बातमीदाराने शर्यत आदल्या दिवशीच कागदावर उरकली होती. बातमी लवकर द्यावी हे मलाही मान्य आहे. पण आधी ती घडू तरी द्यावी!

भाऊसोने अंक वाचला, घडी घातली आणि चहाच्या दुकानात म्हणाला, "आकारामलाच मोटार मिळणार, मी तवाच म्हणलं हुतं."

मित्रांनो, त्यानंतर मी चाकाला चढलो नाही. तेलाने माझं रबर फुगलं, मऊ पडलं. अर्धा भाग गॅरेजमागे उन्हात पडला आहे. चांभाराने दुसऱ्या अर्ध्याच्या वहाणा केल्या. त्यातला एक जोड भाऊसोच्या पायात आहे. तो रोज मला तुडवत चहाला जातो आणि टायरांवर बोलतो.

तुम्ही मात्र एवढं करा. चाक सायकलचं असो की गाडीचं, निघण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवा. चीर दिसली तर तिला चीरच म्हणा. आणि तेल बैलाच्या शिंगांनाच लावा.