धम्मदीपच्या पायांखालचे ठोकळे

मित्रांनो, मी बाभुळगावच्या व्यायामशाळेतला एक जुना बेंच आहे. माझ्यावर उताणं पडून माणसं छातीवरून वजन उचलतात. माझी गोष्ट कुणी ऐकावी इतका मी मोठा नाही. मला ती नीट सांगता येईल की नाही, तेही ठाऊक नाही. पण आज गप्प राहिलो तर उशीर होईल, अशी भीती वाटते.

मी वेल्डिंगच्या दुकानात जन्मलो. त्या वर्षी भाव नसल्यानं कापूस घराघरांत पडून होता. त्यात झोपून माणसांच्या अंगाला खाज सुटली होती. त्यातलाच थोडा माझ्या गादीत भरला. मग सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये गावातल्या फुलचंदनं व्यायामशाळा काढली आणि मला तिथे नेलं.

मला उंच माणसांच्या मापानं बनवलं होतं. तिथे रोज येणारा धम्मदीप मात्र जन्मतःच ठेंगणा, हातपाय आखूड, पण खांदे रुंद. तो निजला की त्याचे पाय हवेत राहत. यवतमाळच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "तुझ्या कण्यातली जागा अरुंद आहे. पाय टेकल्याशिवाय वजन उचललंस तर कंबर ताणली जाईल आणि पाय जातील." म्हणून त्याची बहीण मोनाली हिनं बाभळीचे दोन ठोकळे आणले. त्यांवर टाचा रोवून तो उचलायचा, तेव्हा त्याची पाठ माझ्यावर शांत टेकलेली असे. सगळे त्याचं कौतुक करत. त्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं, आणि नावं पाठवणारा फुलचंदच होता.

एकदा फुलचंदनं नेरच्या बाजारात वजन उचलण्याचा कार्यक्रम ठेवला. मला ट्रॅक्टरमधून नेलं. ठोकळे नेले नाहीत.

"भाऊ, ठोकळे कुठी हायेत?" धम्मदीपनं विचारलं.

"राहू दे ना बे," फुलचंद म्हणाला. "पाय लटकलेले दिसले पायजे. पब्लिक त्याच्यासाठीच आली."

"पण डॉक्टरनं मले..."

"भेला का? तं उतर खाली. सांगतो माइकवर. स्पर्धेचंही मंग इसरून जाय."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अबे, शिडी आणा रे पहिलवानाले!"

धम्मदीप निजला. त्यानं वजन उचललं. हसणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. पण त्याची पाठ माझ्यावरून उचलली गेली होती. त्याच्या मांड्या गादीवर थरथरत होत्या, आणि मग ती थरथर एकाएकी थांबली. मला त्या थांबण्याचीच भीती वाटली. उतरताना त्याचे गुडघे दुमडले. लोकांना ती गंमत वाटली.

"मोना," तो बहिणीला हळूच म्हणाला, "पाय समजून नाही राह्यले मले."

पुढे बऱ्याच महिन्यांनी तो कुबड्यांवर आला. सोबत वेल्डर होता. त्याच्याकडून धम्मदीपनं माझ्या दोन्ही बाजूंना टाचा रोवायला लोखंडी पायऱ्या जोडून घेतल्या.

"कोणासाठी रे?" वेल्डरनं विचारलं.

"दीपासाठी. नवीन पोरगी येते व्यायामाले. माह्या एवढीच हाये थे, पण ताकद पाह्यशीन तं! आता हे कोणी काढू नाही शकत."

उद्या पुन्हा कार्यक्रम आहे. दीपाचं नाव भोंग्यावरून गावभर फिरतं आहे. धम्मदीप आज यवतमाळच्या दवाखान्यात आहे. आणि फुलचंद लोखंड कापायची करवत घेऊन माझ्याजवळ बसला आहे. एक पायरी खाली पडली. दुसरीत दात शिरले आहेत.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. उद्या तुम्ही त्या गर्दीत असाल, तर हसण्याआधी जरा वाकून बघा. दीपाच्या टाचा अधांतरी असतील, तर तिच्या हातात वजन देऊ नका.