कपाटातला स्टुडिओ

मी एक जुने लाकडी कपाट आहे, मित्रांनो. तीन दारांचे, आणि आता पाठीला थोडे पोक आलेले. शाळेत गाणे शिकवणाऱ्या एका बाईंच्या लग्नासाठी सुताराने मला मन लावून घडवले. त्यांचे कोट, जाड रजया, पुढे लेकीची झबलीसुद्धा मी सांभाळली. येणारेजाणारे माझ्यावरून हात फिरवत. मग घरात भिंतीतली कपाटे आली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. मधले दार कुरकुरू लागले. "हे धूड आता भंगारात काढू," असे लेकीचे बाबा म्हणू लागले.

अशातच बाईंच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगेनात. बाई घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि लेकीला म्हणाल्या, "रडायचं नंतर. मुलांसाठी रचलेली माझी सगळी गाणी आधी रेकॉर्ड करायचीत."

"आई, स्टुडिओ आपल्याला परवडायचा नाही गं."

"मग घरातच कर. लोकांचे फोन दुरुस्त करतेस ना?"

लेक कामाला लागली. दुकानातल्या ओळखीने तिने एक वापरलेला माइक मिळवला. मोडक्या टेबललँपच्या दांडीचा स्टँड केला. 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर थेट माइकवर आदळू नये म्हणून भरतकामाच्या रिंगवर पातळ पायमोजा ताणून बसवला. एवढे करून हाती काय आले? घुमणारी खोली आणि वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्या! खिडकीला पुठ्ठे लावले, भिंतींना चादरी टांगल्या. खुर्च्यांचा आवाज कमी झाला, घुमणे काही जाईना. उरलेली चादर माझ्यात कोंबताना लेक डोके आत घालूनच ओरडली, "वैताग आहे नुसता!"

आणि थबकली. माझ्यातल्या कोटांनी आणि रजयांनी तिचा आवाज जरासुद्धा घुमू दिला नव्हता.

"आई, इकडे ये! इथे गाऊन बघ!"

माझ्या फळ्या निघाल्या. मधले दार बिजागऱ्यांसकट उतरले. खरे सांगते, दुखले. बाबांनी स्वतः हातोडी घेऊन आतून रजया ठोकल्या. बाई स्टुलावर बसून माझ्यात तोंड घालून गाऊ लागल्या. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. त्या घामाने निथळत. घसा दुखला की थांबत, कोमट पाणी घेत आणि म्हणत, "पुन्हा." एक कडवे तर इतक्यांदा झाले, की बाहेर भाजी निवडणारे बाबाच ते गुणगुणू लागले आणि तेही रेकॉर्ड झाले. बाईंनी ते पुसू दिले नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शेवटचे गाणे पुरे झाले.

शस्त्रक्रियेत गाठ काढून टाकली. आवाज मात्र परतला तो खरखरीत आणि जाड. आता वर्गात माझ्यात गायलेली गाणी वाजतात आणि बाई हाताने ठेका देतात.

आज त्या पुन्हा माझ्यासमोर येऊन बसल्या आहेत.

"काय गं आई?" लेकीने विचारले.

"नवं गाणं सुचलंय," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "अस्वलाचं आहे. असा आवाज आधी कुठे होता माझ्याकडे? लाव माइक."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी गात असेल, गोष्टी सांगत असेल. त्यांचा आवाज आजच जपून ठेवा. महागड्या सामानाची वाट बघत बसू नका. आता मला गप्प बसायला हवे. बाईंनी हात वर केला आहे.