बैठकीवरून न दिसलेलं दुकान

रविवार कारंज्यावरून आत वळलं की कापडवाल्यांची एक जुनी गल्ली लागते. एके काळी त्या गल्लीत ‘खैरनार वस्त्रभांडार’ कुठे, असं कोणी विचारत नसे. उलट इतर दुकानांचा पत्ता ‘खैरनारांच्या पुढे’, ‘खैरनारांच्या अलीकडे’ असा सांगत. आता दिवस असे आले आहेत, की खुद्द खैरनारांचा पत्ता ‘मोबाईलच्या कव्हरवाल्याच्या शेजारी’ असा सांगावा लागतो. मंडळी, काळ असा हळूच आपली पाटी दुसऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतो!

वैशाखातली दुपार होती. भर लग्नसराई. दुकानाचे मालक खंडेराव गल्ल्याजवळच्या उंच बैठकीवर लोडाला टेकून बसले होते. समोर गिऱ्हाइकांसाठी अंथरलेली पांढरीशुभ्र गादी, आणि तिच्यावर माणूस म्हणून नाही. सून निकिता घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती.

“बाबा, मागं म्हटलं होतं तसं दोन-चार खुर्च्या ठेवू या का?”

“खुर्च्या दवाखान्यात असतात, निकिता. वस्त्रभांडारात गादी असते. माझ्या वडलांनी, आण्णांनी टाकलेली गादी आहे ही.”

“गादी राहू द्या ना. शेजारी...”

“आज खुर्ची म्हणशील, उद्या काचेचं दार म्हणशील, परवा दारात पुतळे आणशील. मग मीच उभा राहतो की साडी नेसून, पुतळ्याचा खर्च तरी वाचेल!”

निकिता हसली, पण विषय हसण्यावारी जाण्यासारखा नव्हता. खंडेरावांचा मुलगा हर्षल सातपूरला कंपनीत नोकरीला. हा गाळा भाड्याने मागायला एक गृहस्थ दोनदा येऊन गेले होते, आणि हर्षलचं मन तिकडे झुकलं होतं. शेवटी खंडेरावांनीच तोडगा काढला होता. मखमलाबादच्या लंकाबाईंच्या नातीचं, सृष्टीचं, लग्न ठरलं होतं. तिचा बस्ता आपल्याकडे बांधला गेला तर दुकान चालवायचं. नाही आला तर पाटी उतरवायची.

बस्ता म्हणजे काही नुसती लग्नाची कापडखरेदी नव्हे. दोन्ही घरची माणसं एका जागी बसून नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं घेतात. लग्न खरं तर तिथेच अर्धं लागतं. लंकाबाईंचा स्वतःचा बस्ता याच गादीवर बांधलेला. पुढे त्यांच्या लेकीचा, मग लेकाचाही. खंडेरावांना ते सगळं आठवे. सकाळीच गाडीभर माणसं उतरत. वाळा घातलेल्या माठातलं पाणी, नव्या कापडाचा खळीचा वास, लेकरांची रडारड. आत्याबाईंना मावशीपेक्षा हलकी साडी दाखवली गेली म्हणून एक रुसवा ठरलेला, आणि तो काढायला आण्णा ठरलेले! “आत्याबाई, तुमच्या रंगाला शोभेल असं पातळ अजून विणायचंय, तोवर हे घ्या,” असं म्हणत ते खाली गादीवर बसत, तेव्हा आत्याबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू यायचंच. पहिल्या शालूला कुंकू लागलं की सगळं दुकान क्षणभर गप्प व्हायचं. देवळात आरतीनंतर होतं तसं.

“बाबा, एक सांगायचं होतं,” निकिता चाचरत म्हणाली. “सृष्टीनं स्टेटस ठेवलंय. शुक्रवारी ते सगळे द्वारका चौकातल्या मोठ्या दुकानात जाणार आहेत. बस्त्याला.”

खंडेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, “फिरली माणसं.”

तेवढ्यात दारातून आवाज आला, “रामकृष्ण हरी, शेट!”

मंगळूबुवा. हरसूलकडच्या डोंगरातले हे कीर्तनकार. जवळच्या देवळात सप्ताह चालू होता, संध्याकाळचं कीर्तन बुवांचं होतं, आणि दर वेळी उपरणं घ्यायला ते इथेच येत. पण आज बुवा आत येईनात. पायरीवरच टेकले.

“वर या ना बुवा!”

“येतो. आधी दम खाऊ द्या. तुमची पायरी लय उंच हाय.”

खंडेरावांना ऐकणारा कान हवाच होता. “बुवा, कली शिरलाय माणसांत! तीन पिढ्यांचं नातं, आणि बस्ता चालला द्वारकेला. लोकांना माणूस नको, गारवा हवा. सरकता जिना हवा!”

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “शेट, तुम्ही कीर्तनाला कुठं बसता?”

“हे काय विचारणं झालं? पुढं. अगदी तुमच्या समोर.”

“म्हणून तुम्हाला माझं कीर्तन कायम गोड लागतं!” बुवा हसले. “मी उभं राहायच्या आधी मंडपात पार मागं जाऊन बसतो. खांबाआड, लेकुरवाळ्या बाया बसत्यात तिथं. टाळकऱ्याला म्हणतो, म्हण दोन ओळी. तिथवर शब्द आला, तर तो देवापर्यंत गेला. नाय आला तर भोंगा फिरवायला लावतो. गावाकडं भोंग्याचं तोंड नेहमी शेजारच्या गावाकडं! त्यांना कळलं पाहिजे ना, आपल्याकडं सप्ताह हाय म्हणून! आणि मंडपातल्या म्हातारीला नुसता घुमारा.”

खंडेरावही हसले. “ते खरं, पण दुकानाचा काय संबंध?”

“उतरा खाली. चपला घाला, रस्त्यावर जा, आणि गिऱ्हाईक होऊन या. मी बसतो तुमच्या जागी.”

“चेष्टा करता का बुवा?”

“चेष्टा नाय. एवढी कीर्तनं ऐकली, आज खांबाआड बसून बघा.”

बुवांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढ्यासाठी खंडेराव उतरले. रस्त्यावर गेले, वळले, आणि पायरीशी येऊन थबकले. पायरी खरंच उंच होती. धरायला काही नव्हतं. एका हाताने शटर धरून, एक पाय अधांतरी ठेवून ते सँडलचा पट्टा सोडू लागले, तर नाकासमोर पाटी: ‘चपला बाहेर काढाव्यात. चोरीस गेल्यास दुकान जबाबदार नाही.’ अक्षर त्यांचंच. आत दुसरी पाटी: ‘विनाकारण साड्या उलगडायला लावू नयेत.’ ही त्यांनी कधीतरी एका गिऱ्हाइकावर चिडून लिहिली होती, आणि गल्ल्यावरून तिची मागची कोरी बाजूच दिसत असल्याने ती टांगलेली आहे हेही ते विसरून गेले होते.

ते गादीवर बसायला गेले. गुडघे कडाडले. मान वर करावी तर ट्यूबलाईट थेट डोळ्यांत. निकिताने मोरपंखी पातळ उलगडलं, ते काळं दिसलं. आणि अर्धं लक्ष दारात, की सँडल जागेवर आहेत ना!

उंच बैठकीवरून, लोडाला टेकून, चष्म्यावरून बघत बुवा म्हणाले, “हं, काय पाहिजे? लवकर बोला.”

“मी असं कधी बोलतो?”

बुवांनी निकिताकडे बघितलं. निकिता घडीकडे बघू लागली.

“निकिता?”

“कधी कधी, बाबा.”

खंडेराव उठायला गेले आणि तोंडातून “आई गं!” निघालं. निकिताने हात दिला तेव्हा कुठे उभे राहिले. उभे राहिल्यावरही त्यांनी तो हात लगेच सोडला नाही. त्यांच्या मनात एकच आलं: लंकाआक्का तर माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या!

बुवा उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, “जाऊन या त्या जुन्या गिऱ्हाइकाकडं. पण बस्ता मागायला नाय बरं का. विचारायला जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव रिक्षाने मखमलाबादला गेले. अंगणात झेंडूचा ढीग पडला होता आणि लंकाबाई पलंगावर बसून माळा ओवत होत्या. “या खंडूभाऊ!” म्हणत त्यांनी पदराने खुर्ची पुसली आणि पुढे केली. खंडेराव त्या खुर्चीवर बसले आणि त्यांना कसंसंच झालं.

“आक्का, बस्त्याचं विचारायला नाही आलो. तुमचं विचारायला आलो. तुम्ही दुकानात यायचं का सोडलं?”

“आता होत नाय भाऊ जाणं-येणं.”

“द्वारकेला जाणारच आहात की.”

लंकाबाईंची सुई थांबली. “खरं सांगू? राग नाय ना यायचा?”

“तुमचा राग? लहानपणी तुमच्या पाटीतली फुलं चोरायचो मी.”

“मागल्या दिवाळीला आले होते. बसले, पण उठता येईना. दोन पोरींनी काखेत हात घालून उठवलं. तुम्ही वरून म्हणले, ‘आक्का, क्रेन मागवू का?’ सगळं दुकान हसलं. मी बी हसले. काय करणार? पण रिक्षात बसल्यावर लय रडू आलं मला.”

खंडेरावांना तो प्रसंग आठवेना. आठवली ती नुसती दिवाळी. भरलेलं दुकान, हसणारी माणसं. आपण काय गमतीदार बोललो, म्हणून त्या दिवशी ते खुशीत घरी गेले होते!

“तुमच्या मनात वाईट नव्हतं, ठाऊक हाय मला,” लंकाबाई म्हणाल्या. “पण भाऊ, ती गादी आण्णांनी का टाकली होती? आम्ही डोक्यावर फुलांच्या पाट्या घेऊन पायी यायचो. बाजार उरकला की पाय भरून यायचे. आण्णा म्हणायचे, बायांनो, आधी पाय पसरा, लुगडं मागून बघा. आमच्या पायांसाठी टाकली होती गादी. आता पायच वाकत नायत, तर तिचं काय करू?”

अरे देवा! खंडेरावांच्या डोळ्यांसमोर वडील उभे राहिले. आण्णांची गादी आपण धुतली, जपली, मिरवली. आणि आण्णांची नजर मात्र हरवून बसलो! ते वरून हुकूम सोडत नव्हते, खाली येऊन बसत होते. त्यांना गादी दिसत नव्हती, दमलेले पाय दिसत होते!

“चुकलो आक्का,” एवढंच ते म्हणाले.

लंकाबाईंनी डोळे टिपले. “बस्त्याचा शब्द मात्र तिकडं दिलाय भाऊ. पाहुण्यांच्या समोर दिलाय.”

“मोडू नका. शब्द तो शब्द.”

दुकानात परतल्यावर खंडेरावांनी पहिलं काम केलं ते दोन्ही पाट्या उतरवण्याचं. सुताराला बोलावून पायरीपुढे अर्धी पायरी केली, धरायला कठडा बसवला. चपलांचं कपाट दाराच्या आत आलं. ट्यूबलाईट सरकली, आणि साडीचा खरा रंग दिसावा म्हणून आरसा दाराशी, उजेडात गेला. हात असलेल्या खुर्च्या आल्या. ज्याला ऐसपैस बसायचंय त्याच्यासाठी गादीही राहिली. उंच बैठक मात्र निघाली.

“बाबा, खुर्च्या दवाखान्यात असतात ना?” निकिताने डोळे मिचकावत विचारलं.

“असतात की. आजारी मीच होतो.”

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे बस्ता द्वारकेला बांधला गेला. रविवारी सुट्टी म्हणून हर्षल दुकानात आला होता. “बाबा, चांगलं केलंत सगळं. पण ठरलं होतं तसं... त्या गृहस्थांना काय सांगू?”

खंडेराव नव्या कठड्यावरून हात फिरवत होते. “सांग, या म्हणून. बोललोय तर पाळायला हवं,” ते म्हणाले. पण कठड्यावरचा हात काही निघेना.

आणि तोच रिक्षा थांबली. लंकाबाई उतरल्या. सोबत सृष्टीची होणारी सासू. अर्ध्या पायरीवर पाय ठेवताना लंकाबाई क्षणभर थांबल्या, कठड्याकडे बघितलं, खंडेरावांकडे बघितलं, आणि आत आल्या.

“पोरांचा बस्ता पोरांच्या मनानं झाला,” त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. “पण नवरीच्या आजीला नवऱ्यामुलाकडून आजेचीर, मानाचं लुगडं असतंय ना? ते मात्र मी खैरनारांकडचंच नेसणार, म्हणून ह्यांना घेऊन आले.”

खंडेराव खाली गादीवर बसले, आण्णा बसायचे तसे. गुडघे कुरकुरले, पण आज त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एकेक नऊवारी ते लंकाबाईंच्या पायांशी उलगडत गेले. “हे बघा, आक्का. नाही आवडलं? राहू द्या. उलगडायलाच बसलोय मी.”

सृष्टीची सासू इकडेतिकडे बघत होती. म्हणाली, “द्वारकेला सगळं होतं हो, पण गर्दीत आमच्या सासूबाई दिवसभर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या मनासारखं काहीच झालं नाही. उद्या त्यांना घेऊन येऊ का?”

“विचारता काय! पाठीला उशीसुद्धा आहे!” निकिता म्हणाली.

हर्षल हे सगळं दारात उभा राहून बघत होता. वडिलांना गिऱ्हाइकाच्या पायांशी बसलेलं त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तो बाहेर गेला, फोन लावला, आणि रस्त्याच्या गोंगाटातही आत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “नाही साहेब, गाळा द्यायचा नाही. वडील बसतात तिथं.”

मंडळी, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या उंच बैठकीवर बसलेले असतो. कोणी दुकानाच्या, कोणी ऑफिसातल्या टेबलाच्या, कोणी घरातल्या वडीलकीच्या. तिथून आपल्याला आपलं सारं उत्तमच दिसतं. गिऱ्हाईक भांडून गेलं तर ते परत तरी येतं. पण हसून गेलं आणि पुन्हा आलंच नाही, तर दोष काळाला देण्याआधी आपण एकदा चपला घालून रस्त्यावर जावं, आणि आपल्याच दारातून परक्यासारखं आत यावं. परंपरा जपायची ती वस्तूंसाठी नव्हे, ज्या माणसांसाठी ती सुरू झाली त्या माणसांसाठी. देव गाभाऱ्यात आहेच. पण बुवा म्हणतात तसा तो मंडपाच्या खांबाआडही बसलेला असतो, आणि आपलं बोलणं तिथवर पोचतंय का, याची वाट बघत असतो.

निवडून झालं. हिरव्या काठांचं नऊवारी पिशवीत गेलं. निकिता सवयीने हात द्यायला पुढे झाली, पण लंकाबाईंनी मान हलवली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांनी तळवे टेकले, आणि कोणाचाही आधार न घेता, आपल्या आपण, ताठ उभ्या राहिल्या.