लाइट गेल्यानंतरची तारीख

दुपारी लाइट आली आणि मानक नगरच्या क्वार्टरमधला कूलर खडखडत सुरू झाला. विष्णू देवस्थळी पेपर बाजूला ठेवून व्हीसीआरसमोर उकिडवे बसले. त्याच्या काचेवर चार हिरवी शून्यं उघडझाप करत होती.

"लाइट गेली की हा नव्यानं जन्माला येतो," बटण दाबत ते म्हणाले. "दर वेळी सांगायचं, बाबा रे, शनिवार आहे, सत्त्याण्णव साल आहे."

दिवाणावर पडलेली शर्वरी, त्यांची मुलगी, हसली. हसता हसताच ती उठून बसली.

महानगर वस्तीतल्या तिच्या ऑफिसात ज्या संगणकावर प्रोग्राम तयार होत, त्याच्या आतला, तारीख-वेळ सांभाळणारा सेल मेला होता. लाइट गेली की ते मशीन १९८० सालात जाऊन पडे. नवा सेल दिल्लीहून यायचा होता. तोवर नियम ठरलेला: लाइट आली की आधी तारीख हातानं घालायची, मगच कामाला हात लावायचा. काल सकाळीही लाइट गेली होती. तारीख घातल्याचं तिला काही केल्या आठवेना.

प्रोग्राम बांधायची आज्ञा दिली की मशीन तारखा बघतं. तयार प्रोग्रामपेक्षा जी फाइल नवी, तेवढीच ते पुन्हा बांधतं. तिनं काल दुरुस्त केलेली फाइल मशीनच्या लेखी १९८०ची होती. म्हणजे जुनी. म्हणजे तिला हात लावायचं कारणच नव्हतं.

आणि तो चहा. आज्ञा टाइप करून चहा घेऊन बसायचं, कप रिकामा होईतो काम उरके. काल मात्र चहाला ओठ लावले न लावले, तोच काम संपून कर्सर परत आला होता. "आज मशीन खुश है," ती शेजारच्या सतीशला म्हणालीसुद्धा होती. मग तयार प्रोग्राम फ्लॉपीवर घेऊन ती अमीनाबादच्या रक्तपेढीत गेली आणि तिथल्या संगणकावर चढवून आली. एक लेबल छापून पाहिलं. बरोबर आलं.

एक लेबल बरोबर येणारच होतं. जुन्या प्रोग्राममधली चूक दुसऱ्या पिशवीला दिसे. पहिली पिशवी निगेटिव्ह रक्तगटाची नोंदली की ते चिन्ह मागे चिकटून राही आणि पुढची पॉझिटिव्ह पिशवीही निगेटिव्ह म्हणून नोंदली जाई. तिथल्या टेक्निशियन कांचन श्रीवास्तव यांनीच ती पकडली होती, म्हणून त्या हातानं रजिस्टरही लिहीत. काल शर्वरीनं त्यांना सांगितलं होतं, "दीदी, अब ठीक है। रजिस्टर बंद कर दीजिए।"

आज सकाळी एका कॉलेजात त्याच पेढीचं रक्तदानाचं शिबिर होतं.

तिनं रक्तपेढीत फोन लावला. एंगेज. परत एंगेज.

"बाबा, स्कूटर काढा."

"या उन्हात? कुठे?"

"अमीनाबाद. माझ्या प्रोग्राममुळे कुणाला चुकीचं रक्त जाईल."

विष्णूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते चपला शोधू लागले.

रस्ताभर ती त्यांच्या पाठीशी पुटपुटत होती, घातली असेल, घातली असेल तारीख. चारबागला जाममध्ये अडकल्यावर विष्णू म्हणाले, "काय म्हणतेस?" ती म्हणाली, "काही नाही."

रक्तपेढीच्या व्हरांड्यात बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता. आत फोनचा रिसीव्हर टेबलावर आडवा पडला होता आणि कांचनदीदी पिशव्या लावत होत्या.

"आइए इंजीनियर साहब," त्या म्हणाल्या. "शनिवार को भी चैन नहीं?"

"दीदी, लेबल गलत हैं।"

"कौन से?"

"आज के। कोई भी हो सकता है। मैंने पुराना वाला प्रोग्राम चढ़ा दिया।"

कांचनदीदींचा हात थांबला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर शर्वरीला बरं वाटलं असतं.

"ओ निगेटिव की दो थीं," त्या हळू म्हणाल्या. "एक जच्चा को चढ़ रही है। खून बहुत गया है, मिलाके देखने का टाइम नहीं था। दूसरी उसी के लिए लेने बाहर वो बैठा है।"

"पहली वाली..."

"ट्यूब रखी है। चुप रहो अब।"

प्रत्येक पिशवीतलं थोडं रक्त नळीत राखून ठेवत. कांचनदीदींनी फ्रिजमधून दोन नळ्या काढल्या. काचपट्टीवर पहिल्या नळीतला थेंब, त्यावर गट तपासायच्या सीरमचा थेंब. गुठळ्या धरल्या तर रक्त पॉझिटिव्ह, आणि मग ते त्या बाळंतिणीच्या अंगात चाललेलं होतं. त्या काचपट्टी हलवत राहिल्या. शर्वरीनं टेबलाची कड धरली. थेंब लाल होता, पसरला, लालच राहिला. दीदींनी पट्टी उजेडाकडे धरली, पुन्हा हलवली.

"निगेटिव है," त्या म्हणाल्या.

दुसरी पट्टी तयार होत होती. त्या थेंबात बघता बघता वाळूसारखे कण दिसू लागले, मग गुठळ्या. पिशवीवर तिच्या प्रोग्रामनं सुबक अक्षरांत छापलं होतं: ओ निगेटिव्ह.

कांचनदीदींनी ती पिशवी वेगळ्या कप्प्यात टाकली आणि आडवा पडलेला रिसीव्हर उचलला. "मैं दूसरी जगह पूछती हूँ। तुम बाहर जाके उसको बोलो।"

"क्या बोलूँ?"

"जो हुआ है।"

तो माणूस तिला पाहून उठला, थर्मासचं झाकण उघडू लागला.

"भाईसाहब, वो बोतल नहीं दे सकते। ग्रुप गलत लिखा था। मेरी गलती है।"

"मगर कंप्यूटर में तो दो दिखा रहा था," तो म्हणाला. "मैडम ने मेरे सामने देखा।"

आतून कांचनदीदींची हाक आली: चौक भागातल्या रक्तपेढीत एक आहे, राखून ठेवतायत, माणूस लगेच पाठवा. विष्णूंनी काही न विचारता स्कूटरला किक मारली. तो माणूस थर्मास छातीशी धरून मागे बसला.

ती आत आली. कांचनदीदी एकेक नळी काढत होत्या. शिबिराच्या सगळ्या पिशव्या पुन्हा तपासायच्या होत्या. त्या सांगतील तो गट शर्वरी पिशवीवर हातानं लिहीत गेली. बाहेर स्कूटर वाजली की तिचा पेन थांबे, आणि ती दुसऱ्याच कुणाची असे.

विष्णू परतले तेव्हा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"मिळाली. त्याला दवाखान्यात सोडूनच आलो. चढवायला घेतली." ते बाकावर बसले. "बाई शुद्धीवर आहे म्हणाले डॉक्टर."

शर्वरी उभीच राहिली.

"घरी?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसात. आत्ताच बांधून आणते."

महानगरच्या ऑफिसात मशीन चालू झालं; विष्णू तिच्या खुर्चीमागे उभे होते. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकू लागला. तिनं तारीख घातली, वेळेची आज्ञा टाइप केली, बोटं उचलली, आणि स्वतःच्या घड्याळावर विश्वास बसेना.

"बाबा, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?"