पेशींवरचा संशय

देवकी आली की घरातलं बोलणं थांबू लागलं. भाकरी जाड झाली म्हणून चिडवणारा धाकटा दीर महादू आता हळू आवाजात "जेवलीस का गो वयनी?" एवढंच विचारी. नवऱ्याने, पंढरीने, तिच्यादेखत विडी पेटवणं सोडलं. मग मुरबाडहून तिची बहीण काशी अचानक आली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. तेव्हा देवकीने ओळखलं, आपल्यापासून काहीतरी लपवतायत.

खोकला पावसाळ्यापासूनचा होता. चुलीच्या धुराने असेल, म्हणून तिने तो मनावर घेतला नव्हता. मग खाकऱ्यात रक्ताची रेघ दिसली. शहापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, त्यात सावली दिसली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, म्हणून तीच थुंकी पेशी तपासायला मुंबईला पाठवली. आठवड्यापूर्वी मुलगा अनिल तो रिपोर्ट घेऊन किन्हवलीला घरी आला होता.

तिने काशीला गोठ्यामागे गाठलं. "काय आलंय माझं? खरं बोल."

"पेशी बिघडल्यात म्हनं. अनिलनं वाचलं. कॅन्सर हाय गो." काशीने पदर तोंडाला लावला. "डाक्टर नळी घालून तपासायचं बोलतो. पन महादू भावजी बोलतात, छेडलं का पसरतं. जेवढं हाय तेवढं सुखानं जगू दे."

देवकी सरपणाच्या ढिगावर बसली. रडू आलं नाही. राग मात्र आला.

जेवणं झाल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी उद्या शापूरला जातंय."

"वयनी, ऐक," महादू म्हणाला. "आपल्या भावकीतल्या रघूला तपासायला सुई लावली आनि महिन्यात गेला."

"सुई लावली तवा रघूचा नुसता सापळा उरला होता, भावजी."

 अनिल ताटं उचलू लागला. सून समीक्षा म्हणाली, "आई, मी येते तुमच्याबरोबर." सकाळी स्टँडवर पंढरीच आधी जाऊन उभा होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "कॅन्सर कोण म्हणालं? पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, एवढंच लिहिलंय यात."

"मंग काय झालंय मला?"

"जुनी सूज असली, जंतू असले, वर्षानुवर्षं धूर गेला, तरी पेशी बदलतात. कॅन्सरनेही बदलतात. कुणाचं तोंड सुजलेलं दिसलं, तर गांधीलमाशी चावली की दाढ सुजली, हे लांबून कसं सांगणार? जवळ जाऊन बघावं लागतं."

"म्हंजे कॅन्सर नाय?"

"तसंही म्हणत नाही, मावशी. अजून माहीत नाही, असं म्हणतो."

इतक्या दिवसांत तिच्याशी सरळ बोललेला हा पहिलाच माणूस. "नळीनं पसरत नाय ना?" तिने विचारलं.

"नाही. त्या भीतीने तपासणी टाळू नका. उशीर केला, तर जे असेल ते वाढेल."

मुंबईच्या इस्पितळात तिचा घसा बधिर केला आणि नळी आत सरकली. जीव गुदमरला. तिने नर्सचा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. श्वासनळीत पाणी सोडून ते परत ओढून घेतलं, लहानसा तुकडाही काढला. मग पुन्हा वाट बघणं आलं. त्या दिवसांत पंढरी अंगणात उगाच फेऱ्या मारी, आणि अनिल आईच्या नजरेला नजर देत नसे.

या वेळी रिपोर्ट आले तेव्हा ती स्वतः डॉक्टरांसमोर बसली होती. तुकड्यात कॅन्सर नव्हता. धुऊन काढलेल्या पाण्यात क्षयाचे जंतू मिळाले होते.

पंढरीने देवाला हात जोडले. देवकीने मात्र आधी विचारलं, "नातू माझ्याजवळ निजतो. त्याचं काय?"

"त्याला उद्याच घेऊन या. आणि तुमच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. सगळा कोर्स झाला की फोटो परत काढू. सावली गेली नाही, तर पुन्हा तपासू."

घरी महादू ओटीवर वाट बघत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. "मी तुझं वाईट नवतं चिंतलं, वयनी."

"ठावं हाय. पन मला इचारलं नवतंस."

 देवकी पाण्याचा तांब्या घेऊन पहिल्या गोळ्या गिळायला बसली.